मदत हवी आहे: सर्चमध्ये पैसेवाल्या साइट्सच वर का?

मोरबांगडी
आधीच सांगते, जाहिरात द्या असं कृपया सांगू नका. तेवढे पैसे नाहीत.

येवल्यात आमचं घरचं मागाचं काम आहे. भाऊ विणतो, वहिनी कांड्या भरते, साइट मी केली. 'येवला पैठणी' शोधलं की पहिली तीन पानं मोठमोठी पोर्टल्स. त्यातली कितीतरी यंत्रमागाचा माल पैठणी म्हणून खपवतात. आमची साइट कुठेच नाही. सगळं करून झालं. एका साडीसाठी भाऊ दीड महिना मागावर बसतो आणि ती कुणाला दिसतच नाही, याचा फार त्रास होतो. नव्या छोट्या साइटला मुद्दाम दाबतात का, एवढंच सांगा. तसं असेल तर डोमेनचे पैसे परत भरत नाही. आठवडाच उरलाय.

सह्यवारा
सगळं म्हणजे काय काय? साइट कधीची? सर्च कन्सोलला, म्हणजे साइटमालकांसाठीच्या गूगलच्या फुकट साधनाला, जोडली का? मजकूर मराठीत आहे की इंग्रजीत?

निवांत
ताई, दाबतातच. आपल्याच स्पर्धा आयोगाने फेब्रुवारी २०१८ मध्ये गूगलला १३५.८६ कोटींचा दंड केला होता, सर्चमधल्या पक्षपाताबद्दल. तक्रार मॅट्रिमोनी डॉट कॉम आणि जयपूरच्या कट्स या ग्राहकसंस्थेची होती. आणखी काय पुरावा हवा?

जुना_खिळा
निवांत, निकाल पुन्हा वाचा. त्यात मुख्य मुद्दा होता तो गूगल स्वतःच्या विमानसेवा शोधण्याच्या चौकटीला मोक्याची जागा देतं हा. युरोपातला २०१७ चा २४२ कोटी युरोंचा दंडही स्वतःची खरेदी-तुलना सेवा पुढे दामटल्याबद्दल. जाहिरातदाराला मूळ, म्हणजे बिनजाहिरातीच्या, निकालांत वर चढवतात, असं दोन्हीकडे ठरलेलं नाही.

रानभैरी
साइटच्या नादी लागूच नका. मी लोणची विकते, सगळी गिऱ्हाइकं व्हॉट्सअॅप कॅटलॉग आणि रील्समधून. माग चालतानाचा आवाज टाका, लोक थांबून बघतात.

मोरबांगडी
रानभैरी, रील्स टाकतेच आहे. लाइक येतात, ऑर्डर येत नाही. माझा प्रश्न सर्चचा आहे.

सह्यवारा, डोमेन मागच्या वर्षी घेतलं, साइट दिवाळीनंतर टाकली. कन्सोल माहीत नाही. मजकूर मराठीतच आहे, प्रत्येक साडीच्या फोटोवर सुंदर अक्षरात लिहिलाय.

सह्यवारा
फोटोवर?! म्हणजे फोटोतच? अहो, मग गूगलला पानात वाचण्यासारखं फारसं काही उरतच नाही. सर्चमध्ये साइट हा शब्द रोमनमध्ये, लगेच कोलन आणि पुढे तुमचा पत्ता असं टाका आणि किती पानं दिसतात ते सांगा.

निवांत
झालं, चूक गरिबाचीच. गूगलने सप्टेंबर २०२३ मध्ये सर्चची क्रमवारी बदलली, त्यानंतर कित्येक स्वतंत्र छोट्या साइट्सचे वाचक आटले, त्यांनीही फोटोवरच लिहिलं होतं का? मे २०२४ मध्ये गूगलची अंतर्गत कागदपत्रं फुटली, त्यात 'साइट ऑथॉरिटी' असा घटक निघाला. अख्ख्या साइटची पत आम्ही मोजत नाही, असं हेच गूगलवाले सांगत होते.

जुना_खिळा
कागदपत्रांत तो घटक आहे, हे खरं. त्याला वजन किती, हे त्यात नाही.

ताई, मला पटलेलं सांगतो. वरच्या 'प्रायोजित' जागा पैशाने मिळतात. खालच्या निकालांत थेट पैसे घेत नाही, असं गूगल सांगतं. पण १९९८ पासून या सर्चचा एक मोठा आधार असा आहे. दुसरी पानं तुमच्याकडे बोट दाखवतात, ती प्रत्येक लिंक म्हणजे एक मत आणि वजनदार पानाचं मत जास्त मोलाचं. मोठ्या पोर्टलकडे अशी मतं वर्षानुवर्षं साठलेली असतात. त्यांची बातमी छापून येते, लिखाणाला पगारी माणसं असतात, लोक नाव टाकूनच शोधतात. गूगलविरुद्धच्या अमेरिकेतल्या मक्तेदारीच्या खटल्यात तर लोकांच्या क्लिकचाही क्रम लावताना उपयोग होतो, हे साक्षीत आलं. म्हणजे पैसा मागच्या दाराने येतोच. मुद्दाम दाबलं नाही, तरी नवा माणूस खालीच राहतो. हा अन्याय मलाही वाटतो.

निवांत
मग मी वेगळं काय म्हणत होतो? जाहिरातीवर चालणारं सर्च इंजिन जाहिरातदारांकडे झुकणारच, असं गूगलच्या दोन्ही संस्थापकांनी १९९८ च्या शोधनिबंधात स्वतःच लिहिलं होतं.

कल्पलता
अवांतर: मुनिया काठाची सेमी पैठणी कितीपर्यंत पडेल? भाचीच्या लग्नात द्यायची आहे.

मोरबांगडी
कल्पलताताई, सेमी आम्ही करत नाही. हातमागाचीच.

सह्यवारा, बघितलं. एकच पान दिसतंय, पहिलं. बाकीची चाळीस नाहीतच.

सह्यवारा
मग आत्ता तुमची लढाई पोर्टलशी नाहीच. आधी कन्सोलला जोडा, साइटमॅप (सगळ्या पानांची यादी) द्या. फोटोवरचा मजकूर पानात टाइप करा, फोटोला ऑल्ट टेक्स्ट (फोटोत काय आहे ते सांगणारी ओळ) द्या. नावं रोमन लिपीतही लिहा, खूप जण तसंच शोधतात. गूगलवर दुकानाची नोंद फुकट होते, तीही करा. नुसत्या 'येवला पैठणी'च्या मागे लागू नका. 'हातमागाची पैठणी कशी ओळखायची' यावर एक मोठं पान लिहा. ते तुमच्या भावाइतकं कुणाला येणार?

कल्पलता
ओळखायचं काय त्यात? सिल्क मार्क बघायचा.

मोरबांगडी
नाही हो ताई, सिल्क मार्क रेशीम खरं असल्याचं सांगतो. साडी हातमागावरची की यंत्रावरची ते नाही. पदर उलटा करून बघायचा. हाताने विणलेली नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, यंत्राच्या साडीला मागे सुटे धागे असतात. गिऱ्हाइकाला हे समोर दाखवलं की पुढे किंमतीवर वाद होत नाही.

कल्पलता
हल्ली यंत्राचे धागेही सफाईने कापतात. माझी फसवणूक तशीच झाली.

सह्यवारा
ताई, तुमचं पान इथेच लिहून होतंय. हेच शब्द उचला.

मोरबांगडी
एक वर्षाचे पैसे भरले. चार साड्यांचा मजकूर टाइप केला, बाकीचा रोज रात्री करते. निवांत, तुमचं म्हणणं मला अजूनही खरं वाटतं, पण आधी आपली पानं तरी दिसू देत. कापलेल्या धाग्यांचं भावाला विचारलं. तो म्हणतो, कापले तरी टोकं उरतात, बोट फिरवलं की खरखर लागते.

कल्पलता
दोन्हींचे उलट्या बाजूचे फोटो शेजारी शेजारी टाका. मग मी किंमत विचारते.

मोरबांगडी
सकाळी उजेडात काढून टाकते.