मदत हवी आहे: ब्लास्टिंग करताना नोझल तुंबते, पत्रा फुगतो

मोटारसायकलची चेसिस, मडगार्ड आणि टाकी यांचा जुना रंग नि गंज ब्लास्टिंगने, म्हणजे हवेच्या दाबाने वाळू मारून, काढायचा आहे. कॉम्प्रेसर ३ एचपीचा, हवा साधारण १० सीएफएम (मिनिटाला घनफूट). पॉटला (वाळू भरायच्या भांड्याला) ५ मिमीचे नोझल, दाब ९० पीएसआय (चौरस इंचाला पौंड), वाळवलेली नदीची वाळू. मिनिटभरात प्रेशर ४० वर येते, नोझल तुंबते, मडगार्डचा पत्राही फुगला. मोठा कॉम्प्रेसर घ्यावाच लागेल का?

प्रतिसाद १
आधी वाळू बंद करा, बाकीचे नंतर. दाणा फुटला की सिलिकाची बारीक धूळ उडते, ती फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. रुमालाने काही अडत नाही. ८० मेश (चाळणीचे माप) गार्नेट, म्हणजे कठीण खनिजाचे दाणे, घ्या आणि तरीही बाहेरून स्वच्छ हवा देणारा हूड वापरा, कारण जुन्या रंगात शिसे असू शकते.

५ मिमी नोझलला ८० पीएसआयवर ४० सीएफएमच्या आसपास हवा लागते. भोक निम्मे केले की हवा चौथाई लागते, म्हणून तुमच्या कॉम्प्रेसरला २.५ मिमी किंवा त्याहून लहानच. काम हळू होईल, पण होईल. भोकात ड्रिल बिटचा दांडा घालून झीज तपासत राहा. ३ मिमी झाले की १४ सीएफएम हवी.

प्रतिसाद २
तुंबण्याचे कारण बहुतेक ओल. हवेतले पाणी अडवणारा ट्रॅप कॉम्प्रेसरलाच लावला असेल तर गरम हवेतली वाफ त्यातून तशीच पुढे जाते आणि पॉटमध्ये गार होऊन पाणी होते. मध्ये ८-१० मीटर पाइप द्या, हवा निवू द्या, मग ट्रॅप लावा. गार्नेट चाळून भरा.

प्रतिसाद ३
पत्रा उष्णतेने फुगत नाही. प्रत्येक दाणा वरचा थर ठोकून पसरवतो, मागची बाजू तशीच राहते, म्हणून पत्रा कमान धरतो. मडगार्ड-टाकीचा रंग पेंट रिमूव्हरनेच काढा; जाड, चिवट रंगावरून दाणे उसळतात आणि आपण नकळत एकाच जागी मारत बसतो. उरलेल्या गंजापुरते ४० पीएसआय, ३० सेंमी अंतर, तिरका मारा, हात सतत फिरता. टाकीतली पेट्रोलची वाफ पूर्ण गेल्याशिवाय हात लावू नका, स्थिर विजेची ठिणगी पडू शकते.

चेसिसला पूर्ण प्रेशर चालेल. आधी ग्रीस थिनरने काढा, आटे आणि बेअरिंगच्या जागा रबरी बुचांनी बंद करा, चेसिस नंबर झाका.

प्रश्नकर्ता
गार्नेटऐवजी काचेचे मणी चालतील? सोडा?

प्रतिसाद ३
मणी गंज कापत नाहीत, नुसती चकाकी देतात. प्रायमरला पकड मिळत नाही. सोड्याने रंग निघतो, गंज नाही, आणि मागे राहिलेली पूड धुतली नाही तर नवा रंग सुटतो. गार्नेटच ठेवा. उघड्या धातूला नुसता हात लावू नका, चार तासांच्या आत प्रायमर. हवा दमट असेल तर लगेच.