विंडोज १० चा आधार संपला. वाचनालयातील चालू स्थितीतील संगणकांचे काय करावे?

ग्रंथसेवक

नमस्कार. सातारा जिल्ह्यातील एका ‘ब’ वर्गाच्या सार्वजनिक वाचनालयाचा मी कार्यवाह आहे. आमच्याकडे सहा संगणक आहेत. एक देवघेवीच्या टेबलावर, एक कार्यालयात आणि चार अभ्यासिकेत, जिथे स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले-मुली अर्ज भरण्यासाठी आणि प्रश्नपत्रिका पाहण्यासाठी त्यांचा वापर करतात. सर्व संगणक इंटेलच्या सहाव्या पिढीच्या आय-३ प्रोसेसरचे असून त्यांत ४ जीबी रॅम आणि साधी हार्ड डिस्क आहे. यांपैकी एकही बिघडलेला नाही.

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा मोफत आधार, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या पुरवणे, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. विंडोज ११ साठी इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे तो रस्ता आम्हाला बंद आहे. लोकवर्गणी आणि शासकीय अनुदान यांवर चालणाऱ्या संस्थेने धडधाकट यंत्रे केवळ एका तारखेमुळे डेडस्टॉक नोंदवहीतून निर्लेखित करावीत आणि ग्रंथखरेदीला कात्री लावून नवी घ्यावीत, हे माझ्या मनाला पटत नाही.

कार्यकारिणीत दोन मते आहेत. काही सदस्यांना सर्व संगणक नवे हवेत, तर काहींचे म्हणणे असे की, वाचनालयातून चोरून नेण्यासारखे काय आहे, आहे तसेच चालू द्यावे. विंडोजऐवजी लिनक्स या मोफत, मुक्त प्रणालीचा पर्याय मी सुचवला आहे, परंतु दोन अडचणी दिसतात. आमचे हिशेब टॅली या हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये आहेत, आणि सुमारे चौदा हजार ग्रंथांची सूची एका जुन्या प्रोग्रॅममध्ये, युनिकोड या आजच्या सार्वत्रिक अक्षरसंकेताच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये टंकलिखित केलेली आहे. अशा स्थितीत शहाणपणाचा मार्ग कोणता, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जाळेरक्षक

ग्रंथसेवक, आधी दुसऱ्या मताविषयी लिहितो, कारण ते मला अधिक धोकादायक वाटते. हल्लेखोर बहुधा कोणाकडे काय आहे हे पाहून येत नाहीत. ज्या यंत्राचे छिद्र बुजवलेले नाही, त्या प्रत्येक यंत्रात आपोआप शिरणारी साधने ते सोडून देतात. १२ मे २०१७ रोजी जगभर पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूने विंडोजमधील ज्या त्रुटीचा फायदा घेतला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिलेली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती, त्यांना फटका बसला. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्याने तीच त्रुटी वापरली, आणि त्यात मर्स्क या जहाज कंपनीच्या यंत्रणा कोलमडल्यामुळे आपल्या न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या टर्मिनलचे कामही ठप्प झाले होते. आधार संपलेल्या प्रणालीत यापुढे सापडणाऱ्या छिद्रांसाठी अशी दुरुस्ती येणारच नाही, हा मूळ मुद्दा आहे.

यात एक गैरसमज वारंवार आढळतो. विंडोजमधील डिफेंडर या विषाणूरोधकाला विंडोज १० वरही ऑक्टोबर २०२८ पर्यंत नव्या विषाणूंची ओळख मिळत राहणार आहे, म्हणून काही जण निश्चिंत आहेत. विषाणू ओळखणे आणि प्रणालीतील छिद्र बुजवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वाढीव सुरक्षा अद्यतनांची एक योजना आहे. घरगुती वापरकर्त्यांना ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ३० डॉलर भरून मिळते, किंवा मायक्रोसॉफ्ट खात्याशी संगणकाच्या सेटिंग्जची जुळवणी (सिंक) चालू ठेवल्यास विनामूल्य मिळते. परंतु ही सवलत वैयक्तिक वापरासाठी आहे. संस्थांसाठीचा दर पहिल्या वर्षी प्रत्येक यंत्रामागे ६१ डॉलर असून तो दर वर्षी दुप्पट होतो आणि तिसऱ्या वर्षानंतर तीही सोय संपते. सहा संगणकांसाठी हा खर्च करण्यापेक्षा ती रक्कम एसएसडी (हार्ड डिस्कऐवजी बसणारी वेगवान साठवण) आणि रॅमसाठी वापरणे योग्य.

अपात्र यंत्रावर अटी चुकवून विंडोज ११ बसवण्याच्या युक्त्याही तुम्हाला कोणीतरी सुचवील. अशा यंत्रांना अद्यतने मिळण्याची हमी कंपनी देत नाही, म्हणून सार्वजनिक संस्थेने त्या वाटेला जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

मुक्तछंद

अभ्यासिकेतील चार संगणकांचा निर्णय सोपा आहे. त्यांवर केवळ ब्राउझर, पीडीएफ आणि थोडेफार टंकलेखन चालते. लिनक्स मिंट या लिनक्स प्रकाराची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती यासाठी उत्तम आहे. मिंट २२ ही मालिका उबुंटू या दुसऱ्या लिनक्स प्रकाराच्या २४.०४ आवृत्तीवर आधारलेली असून तिला २०२९ पर्यंत अद्यतने मिळणार आहेत. कोणताही बदल करण्यापूर्वी पेन ड्राइव्हवरून प्रणाली तात्पुरती चालवून पाहता येते, आणि वायफाय, ध्वनी व छपाई नीट चालतात की नाही ते त्याच वेळी कळते. छपाईयंत्राची चाचणी मात्र अवश्य घ्यावी. आपल्याकडच्या कार्यालयांतील काही जुने लेझर प्रिंटर कॅप्ट नावाची स्वतंत्र भाषा वापरतात आणि लिनक्सवर त्यांची जुळवाजुळव कटकटीची असते.

साध्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी आणि ४ ऐवजी ८ जीबी रॅम बसवली, तर हेच संगणक आजच्यापेक्षा कितीतरी चपळ होतील. लोक ज्याला संगणक म्हातारा झाला असे म्हणतात, ते पुष्कळदा हार्ड डिस्कचे मंदपण असते.

मराठी टंकलेखनाची चिंता नको. इन्स्क्रिप्ट कळफलक मिंटमध्ये आधीपासूनच असतो, आणि उच्चारानुसार लिहिणाऱ्यांसाठी आयबस या टंकलेखन साधनासोबत एम१७एन हा कळफलकांचा संच बसवता येतो.

मला या प्रकरणात खरी खंत वेगळी वाटते. विंडोज ११ साठीची टीपीएम २.० (संगणकातील सुरक्षा-चिप) ही अट सुरक्षेसाठी आहे असे सांगितले जाते, आणि डिस्कच्या कूटबद्धीकरणाच्या किल्ल्या सुरक्षित ठेवण्यासाठी तिचा उपयोग आहे, हेही मान्य. परंतु सहाव्या-सातव्या पिढीच्या अनेक संगणकांत ही सोय संगणकातील मूळ प्रोग्रॅममध्ये (फर्मवेअरमध्ये) उपलब्ध असते, केवळ बायोस या त्याच्या मांडणीच्या पडद्यावरून चालू करावी लागते, आणि तरीही प्रोसेसर यादीत नाही म्हणून तो संगणक नाकारला जातो. अमेरिकेतील पर्ग या ग्राहक संघटनेने अशा नाकारलेल्या संगणकांची संख्या ४० कोटींपर्यंत असल्याचे म्हटले होते. एवढ्या यंत्रांचे आयुष्य विक्रेत्याने ठरवावे आणि त्यांच्या कचऱ्याचा भार समाजाने उचलावा, ही रचनाच अन्यायाची आहे.

लेखापरीक्षक

वरील उत्साहाचा आदर राखून एक व्यावहारिक हरकत नोंदवतो. मी अनेक सार्वजनिक वाचनालयांचे हिशेब तपासतो. तेथे संगणक अडला की तालुक्याच्या गावातील दुरुस्ती करणारा मुलगा बोलावला जातो, आणि त्याला विंडोजच येते. लिनक्स बसवून देणारा हौशी तज्ज्ञ नोकरीसाठी पुण्याला गेला की ती यंत्रे कपाटात जातात. प्रणाली निवडताना ती सांभाळणारा माणूस तीन वर्षांनंतरही गावात असेल का, हा प्रश्न आधी विचारावा.

दुसरे असे की, टॅलीप्राइम विंडोजवरच चालते, आणि लेखापरीक्षणासाठी तुमच्या लेखापालाला तीच नोंद हवी असते. म्हणून माझ्या मते कार्यालयासाठी विंडोज ११ असलेला एक नवा संगणक घ्यावा, बँकेचे व्यवहार आणि हिशेब त्याच्यावरच करावेत, आणि उरलेल्या पाचांवर तुम्हाला हवे ते प्रयोग करावेत. जे निर्लेखित कराल ते भंगारवाल्याला देऊ नका. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ई-कचऱ्याचे पुनर्चक्रण नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्यानेच करायचे असते, म्हणून ते त्याच्याकडेच द्यावेत आणि त्याची पावती दप्तरी ठेवावी.

मुक्तछंद

लेखापरीक्षक, माणसाचा प्रश्न आपण अगदी योग्य ठिकाणी मांडलात. केरळमध्ये तो प्रशिक्षणाने सोडवला गेला. तेथील काईट ही राज्य शासनाची संस्था सरकारी शाळांसाठी उबुंटूवर आधारलेली स्वतःची आवृत्ती तयार करते आणि शिक्षकांना ती शिकवते, त्यामुळे यंत्रणा एका हौशी माणसावर अवलंबून राहत नाही. वाचनालयाच्या पातळीवर निदान ग्रंथपाल आणि एक लिपिक अशा दोघांना प्रणाली नव्याने बसवण्यापासून सर्व शिकवावे, आणि कृती मराठीत लिहून कपाटाच्या दारावर लावावी. एक नवा संगणक घेण्याची सूचना मला मान्य आहे.

अक्षरजुळणी

मुद्रणालयात मराठी अक्षरजुळणीचे काम पुष्कळ वर्षे करत असल्यामुळे सूचीविषयी लिहितो, कारण माझ्या दृष्टीने या संपूर्ण प्रश्नात सर्वांत नाजूक गोष्ट तीच आहे. संगणक पुन्हा विकत घेता येतो. चौदा हजार ग्रंथांची सूची हाताने पुन्हा टंकलिखित करायला किती मनुष्यबळ लागेल, याचा विचार करा.

युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये संगणकाच्या दृष्टीने मराठी नसतेच. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असतात, त्यामुळे फॉन्ट गेला की मागे निरर्थक रोमन अक्षरे उरतात. प्रत्येक फॉन्टची मांडणी वेगळी असते, म्हणून तुमच्या प्रोग्रॅममध्ये नेमका कोणता फॉन्ट आहे हे आधी निश्चित करावे आणि त्याची फाइल जपून ठेवावी. एकाच सूचीत वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळे फॉन्ट वापरलेले आढळतात, तेही तपासावे.

रूपांतर करणारी साधने उपलब्ध आहेत, परंतु त्यांवर डोळे मिटून विसंबू नये. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकलिखित होते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. रफाराचे याच्या नेमके उलट आहे. काही फॉन्टांत श, ष, ध, भ, ण ही अक्षरे अर्धे अक्षर आणि काना अशा दोन तुकड्यांनी बनलेली असतात. साधनाने हा क्रम नीट लावला नाही, तर जोडाक्षराला लागून वेलांटी आलेले आणि रफार असलेले शब्द हमखास मोडतात. लेखकांच्या नावांत आणि ग्रंथांच्या शीर्षकांत असे शब्द भरपूर असतात.

याहून फसवी गोष्ट ‘ऱ्या’ची आहे. हा आकार युनिकोडमध्ये दोन वेगवेगळ्या पद्धतींनी साठवता येतो आणि पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. मात्र वाचकाने एका पद्धतीने शोधले आणि सूचीत दुसरी असेल, तर पुस्तक कपाटात असूनही ‘आढळले नाही’ असे उत्तर येते. रूपांतरानंतर सर्वत्र एकच पद्धत करून घ्यावी.

कामाचा क्रम असा ठेवा. प्रथम संपूर्ण सूचीच्या दोन प्रती वेगवेगळ्या पेन ड्राइव्हवर घ्या आणि एक वाचनालयाबाहेर ठेवा. नंतर प्रोग्रॅममधून सीएसव्ही (साध्या मजकुराचा तक्ता) किंवा एक्सेल स्वरूपात निर्यात करा, पण दाखल क्रमांक, किंमत आणि वर्ष यांचे स्तंभ रूपांतरातून वगळा, कारण तेथील खरे रोमन अंक आणि अक्षरेही साधन मराठी समजून बदलून टाकते. इंग्रजी पुस्तकांच्या नोंदी याच कारणासाठी आधीच बाजूला काढाव्यात. शेवटी छापील दाखल नोंदवही समोर ठेवून दर शंभर नोंदींपैकी काही प्रत्यक्ष ताडून पाहाव्यात.

युनिकोडमध्ये आलेली सूची नंतर कोणत्याही प्रणालीत नेता येईल. मुक्त पर्यायांत कोहा हे ग्रंथालय सॉफ्टवेअर मला सर्वांत भरवशाचे वाटते. त्याची जन्मकथा तुमच्या प्रश्नाशी थेट जुळते: न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ या छोट्या ग्रंथालय संस्थेचे जुने सॉफ्टवेअर २००० सालची तारीख ओलांडू शकणार नव्हते, म्हणून तिने १९९९ मध्ये नवे बनवून घेतले, जानेवारी २००० मध्ये ते सुरू केले आणि सर्वांसाठी खुले केले. कोहा लिनक्सवर चालते आणि वाचकांना ब्राउझरमधून सूची पाहता येते. कोहा सांभाळणे जड वाटल्यास एनआयसी या केंद्र शासनाच्या संगणक संस्थेची ई-ग्रंथालय ही प्रणालीही पाहावी.

जाळेरक्षक

अक्षरजुळणी यांच्या क्रमाला एक पुरवणी जोडतो. रूपांतर पूर्ण होईपर्यंत जुना प्रोग्रॅम असलेला संगणक विंडोज १० वरच राहू द्यावा, परंतु त्याची नेटची वायर काढून ठेवावी आणि वायफाय बंद करावे. निर्यातीसाठी एकच पेन ड्राइव्ह राखून ठेवावा आणि तो अभ्यासिकेतील यंत्रांना लावू नये, कारण तेथे बाहेरचे शेकडो पेन ड्राइव्ह येतात.

ग्रंथसेवक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कार्यकारिणीच्या पुढील बैठकीत मी असा ठराव मांडणार आहे: कार्यालयासाठी एक नवा संगणक, अभ्यासिकेतील चारांवर एसएसडी, वाढीव रॅम आणि मिंट, आणि देवघेवीचा संगणक सूचीचे रूपांतर होईपर्यंत नेटपासून अलग. कार्यालयातील जुना संगणक निर्लेखित न करता त्यावर कोहाची चाचणी घेऊ. आमचे ग्रंथपाल आणि लिपिक दोघेही शिकायला तयार आहेत.

एक शंका उरते. आमच्या सूचीत काही नोंदी मोडीतून लिप्यंतर केलेल्या हस्तलिखितांच्या आहेत आणि त्यांत कंसातील खुणा बऱ्याच आहेत. त्या रूपांतरात टिकतील का?

अक्षरजुळणी

विरामचिन्हे आणि कंस हेच जुन्या फॉन्टमध्ये सर्वाधिक बदललेले असतात, कारण त्यांच्या जागा जोडाक्षरांसाठी वापरल्या गेल्या होत्या. त्या नोंदी स्वतंत्र काढून हातानेच तपासाव्यात. संख्या फार नसेल तर फॉन्टचे नाव आणि नमुन्यादाखल पाच-दहा ओळी येथे टाका, मी त्यांची जुळणी करून पाहतो आणि कोणते चिन्ह कशात बदलते याचा तक्ता तुम्हाला देतो.