मदत हवी आहे: रीवर्कचा (नापास नग दुरुस्त करण्याचा) ऑर्डर टाइप वेगळा केला, तरी एमआरपी (मालाची गरज मोजणारं नियोजन) त्याला नवा माल का धरतं?

मंडळी, नमस्कार. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात प्लॅनिंगला आहे. उत्पादन-साठ्याच्या हिशोबाला सॅप एस/४ हाना हे सॉफ्टवेअर वापरतो.

एका हाउसिंगचे (बाहेरच्या कवचाचे) ४८० नग बोअर (आतलं भोक) अंडरसाइज निघाल्याने क्वालिटी इन्स्पेक्शन स्टॉकमध्ये (तपासणीतल्या साठ्यात) अडकलेत. पुन्हा बोअरिंग केलं की चालतील, म्हणून त्यांच्यावर रीवर्क ऑर्डर काढली. सल्लागारांनी त्यासाठी पीपी०१ हा नेहमीचा प्रॉडक्शन ऑर्डर टाइप कॉपी करून झेडपी०२ हा वेगळा ऑर्डर टाइप दिलाय.

आता एमडी०४ मध्ये (साठा आणि मागणीच्या यादीत) वर स्टॉक ४८०, खाली प्रॉडक्शन ऑर्डर ४८०. उपलब्ध ९६०! ग्राहकाचं शेड्यूल ९०० चं, त्यामुळे एकही प्लॅन्ड ऑर्डर (नव्या उत्पादनाचा प्रस्ताव) निघाली नाही. प्रत्यक्षात हातात नग ४८०च, तेही नापास. ओपीजेएचमध्ये (ऑर्डर टाइपच्या सेटिंगमध्ये) सगळे टॅब पाहिले. हा टाइप एमआरपीतून वगळायची खूण कुठे असते?

जुनाप्लॅनर: तिथे नाहीच, शोधू नका. टाइप आपल्या सोयीचा: नंबर रेंज, सेटलमेंट (खर्चाची वर्गवारी) वगैरे. त्याच्या वर कॅटेगरी असते, ती सॅपने ठरवलेली. पीपी०१ ची कॅटेगरी १०, प्रोसेस ऑर्डरची ४०, मेंटेनन्सची ३०. तुमचा झेडपी०२ सुद्धा १० मध्येच, म्हणजे एमआरपीच्या लेखी चारचौघांसारखी प्रॉडक्शन ऑर्डर. हेडरला मटेरियल आणि नग आहेत ना, मग तेवढी आवक येणारच. आणि इन्स्पेक्शन स्टॉक एमआरपी मुळात उपलब्धच धरतं. तेच नग दोनदा मोजले गेले.

बरं, ऑर्डरचे कंपोनंट उघडून बघा. बीओएममधून (लागणाऱ्या मालाच्या यादीतून) कास्टिंग (ओतीव कच्चा भाग) आलंय का?

धागाकर्ता: अरे देवा, आलंय. ४८० कास्टिंगचं रिझर्व्हेशन (ऑर्डरसाठी राखीव मागणी) उभं आहे! म्हणजे हाउसिंगची प्लॅन्ड ऑर्डर नाही, आणि नको असलेल्या कास्टिंगची रिक्विझिशन (खरेदीची मागणी) मात्र खरेदीकडे गेली असणार.

जुनाप्लॅनर: आधी ती थांबवा. मग कास्टिंग काढून तिथे हाउसिंगच कंपोनंट म्हणून टाका, ४८०. आवक ४८०, रिझर्व्हेशन ४८०, हिशोब जुळला. २६१ ने (माल देण्याची नोंद) नग ऑर्डरवर द्या, काम झालं की १०१ ने (माल जमा करण्याची नोंद) परत घ्या.

क्यूएवाली: एक अडचण आहे. २६१ साठी माल आधी अनरिस्ट्रिक्टेडमध्ये (वापराला मोकळ्या साठ्यात) आणावा लागेल. नेहमीच्या स्टोअरेज लोकेशनला आणलात तर डिस्पॅचवाले उचलून ट्रकमध्ये भरतील, त्यांना काय माहीत बोअर लहान आहे ते! रीवर्कचं वेगळं लोकेशन ठेवा.

आमच्याकडे छोट्या लॉटला सीओ०७ वापरतात, म्हणजे मटेरियलशिवाय ऑर्डर. आवकच नाही, त्यामुळे दुप्पट मोजणीचा प्रश्न येत नाही. नग इन्स्पेक्शनमध्येच राहतात, तपासणीत पास झाले की युसेज डिसिजन (तपासणीचा अंतिम निर्णय) देऊन मोकळे. फक्त खर्च कुठे टाकायचा तो सेटलमेंट रूल हाताने भरावा लागतो, आणि कॉस्टिंगवाले त्यावरून कुरकुरतात.

धागाकर्ता: ४८० साठी पहिलाच मार्ग धरतो, वेगळ्या लोकेशनसह. पण ऑर्डर आधीच रिलीज केली आहे. कंपोनंट त्यातच बदलू की टेक्निकली बंद करून नवी काढू?

जुनाप्लॅनर: कास्टिंग इश्यू झालं नसेल तर त्यातच बदला. सीओ०२ (ऑर्डर बदलायचा स्क्रीन) मधून होतं.