मदत हवी आहे: आपल्या पोरींचा फॉर्म जोखायचा कसा?

मंडळी, नेरुळला आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर एकच वाद चाललाय: मार्च २०२६ च्या महिला फुटबॉल आशिया कपमध्ये भारताकडून अपेक्षा किती ठेवायची? पात्रता फेरीत मंगोलियाला १३-० धुतलं म्हणून काहीजण हवेत आहेत. मी तो निकाल धरतच नाही. खरा कस थायलंडने काढला. संगीता बासफोरच्या दोन गोलांनी २-१ तरलो. आता गटात जपान, व्हिएतनाम, चायनीज तैपेई!

२०२२ च्या आशिया कपला इथेच, डी. वाय. पाटील स्टेडियमवर इराणशी ०-० आणि मग कोविडमुळे आपल्याला स्पर्धेतूनच बाहेर पडावं लागलं.

सामने नीट बघणाऱ्यांनी सांगा, समोरच्यांनी अंगावर येऊन दाबलं तर आपल्या बचावफळीला चेंडू शांतपणे पुढे काढता येतो का? व्हिएतनामला हरवण्याइतपत दम आहे का? (जपानचं विचारत नाहीये.)