कोणीही वापरत नसताना हार्ड डिस्क सतत का चालते?

अडगळ:

नमस्कार. आमच्या घरी २०१२ साली घेतलेला डेस्कटॉप अजून वापरात आहे. दुसऱ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची, मिनिटाला ७२०० फेरे घेणारी हार्ड डिस्क. मूळचे विंडोज ७ आम्ही २०१६ मध्ये विंडोज १० करून घेतले. वीजबिल भरणे, मुलीचे शाळेचे प्रकल्प आणि मोबाइलमधले फोटो उतरवून ठेवणे, यापलीकडे त्याचा उपयोग होत नाही.

गेल्या दोन महिन्यांपासून असे होते, की रात्री जेवण आटोपून परत यावे तर कॅबिनेटवरचा लाल दिवा अखंड पेटलेला असतो आणि आतून जात्यात खडा सापडल्यासारखी खरखर ऐकू येते. पूर्वीही असा आवाज अधूनमधून येई; पण माउस हलवला की थोड्या वेळात थांबे. आता तो कधी थांबतो, कधी अर्धा तास थांबत नाही. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के दिसते आणि त्याच ओळीत वेग मात्र सेकंदाला एक एमबीच्याही आत असतो, याचा मेळ मला लागत नाही. कोणी बाहेरून माहिती उपसत असेल, या शंकेने राउटरची वायर काढून पाहिली. फरक पडला नाही. अँटिव्हायरसच्या पूर्ण तपासणीतही काही सापडले नाही. दुकानदाराने यंत्र न पाहताच ‘फॉरमॅट मारून देतो’ असे सांगितले. त्याआधी निदान कारण तरी कळावे, अशी इच्छा आहे.

निशाचर:

जुन्या यंत्रांवर हे नेहमीचेच आहे. सर्व्हिसेसच्या यादीत जाऊन ‘विंडोज सर्च’ आणि ‘सिसमेन’ (नेहमीचे प्रोग्राम आधीच रॅममध्ये आणून ठेवणारी सेवा, जिला आधी सुपरफेच म्हणत) या दोन्ही सेवा बंद करून टाका. माझ्या लॅपटॉपवर तेवढ्यानेच शांतता झाली.

टेस्टर:

निशाचर यांच्या उपायाने आवाज कमी होईलही, पण कोण आवाज करत होते हे मग कधीच कळणार नाही. त्यामुळे काहीही बंद करण्यापूर्वी एकदा पाहून घ्यावे, असे मी सुचवेन.

आधी मेळ न लागणाऱ्या आकड्यांविषयी. टास्क मॅनेजरमधले १०० टक्के हे डिस्क किती वेळ कामात गुंतलेली होती याचे माप आहे. तिने किती माल वाहिला याचे नव्हे. मिनिटाला ७२०० फेरे म्हणजे एका फेऱ्याला साधारण ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा वाचणाऱ्या टोकाखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा जातो, आणि त्याआधी ते टोक योग्य वर्तुळावर सरकायला आणखी आठ-नऊ मिलिसेकंद घेते. म्हणजे विखुरलेल्या जागा वाचायच्या असल्या तर अशी डिस्क सेकंदाला जेमतेम ऐंशी खेपा करते, आणि प्रत्येक खेपेला ४ केबीच उचलायचे असले तर सगळे मिळून ३००-३५० केबी होतात. डिस्क बिचारी पूर्ण राबत असते आणि हाती चिमूटभर लागते.

जेवणाच्या वेळीच हे का होते, याचेही साधे कारण आहे. विंडोज १० आपली देखभालीची कामे, म्हणजे विखुरलेल्या फाइलींचे तुकडे जुळवणे (डीफ्रॅग), तपासण्या, अपडेटची झाडलोट, ठरल्याप्रमाणे रात्री दोन वाजता करते. घरचा संगणक त्या वेळी बंद असतो. म्हणून राहिलेले काम तो पुढच्या वेळी रिकामा दिसला की उरकून घेतो, आणि आपण माउसला हात लावला की बहुधा आवरते घेतो. शोधसूची बनवणारा इंडेक्सरही असाच, माणूस समोर असला की दबकून वागतो. तुमचा पूर्वीचा अनुभव याच्याशी तंतोतंत जुळतो. आताचा जुळत नाही, आणि मला चिंता त्याचीच वाटते.

आवाज सुरू असतानाच रिसोर्स मॉनिटर उघडावा आणि डिस्कच्या पानावर ‘डिस्क ॲक्टिव्हिटी’चा भाग पाहावा. तिथे प्रोग्रामच्या नावाशेजारी तो नेमकी कोणती फाइल वाचतो आहे हे दिसते, आणि उजवीकडे ‘रिस्पॉन्स टाइम’ मिलिसेकंदांत दिसतो. पेजफाइल (रॅममध्ये न मावणारी माहिती विंडोज डिस्कवर जिथे ठेवते ती फाइल) वर असेल तर रॅम अपुरी पडते आहे असे समजावे. सोबत क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्कची प्रकृती दाखवणारा प्रोग्राम उघडून स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवते तिच्या, यादीतील ०५, सी५ आणि सी७ या ओळींचे आकडे इथे द्यावेत.

अडगळ:

सविस्तर उत्तराबद्दल आभार. काल रात्री आवाज सुरू असताना पाहिले. सर्वांत वर सर्चइंडेक्सर होता आणि तो प्रत्येक वेळी एकाच फोल्डरमध्ये अडकलेला दिसला. भाचीच्या लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ दोन महिन्यांपूर्वी तिथे उतरवले होते. रिस्पॉन्स टाइम मधूनच ४००० च्या वर जातो. क्रिस्टलडिस्कइन्फोने पिवळा रंग दाखवला. ०५ समोर शून्य, सी७ समोर शून्य आणि सी५ समोर बरीच शून्ये मांडून शेवटी १८ असे लिहिले आहे. अठरा ही संख्या फार मोठी आहे का?

टेस्टर:

तो अठरा नाही. हा प्रोग्राम कच्चे आकडे सोळाच्या पायाने (हेक्साडेसिमल) दाखवतो, त्यामुळे १८ म्हणजे चोवीस. सी७ शून्य असल्याने डेटा केबलवरचा संशय सोडून देता येईल. सी५ मात्र बोलका आहे: डिस्कला वाचता न आलेले आणि अजून निकाल न लागलेले असे ते चोवीस सेक्टर, म्हणजे माहिती साठवण्याचे छोटे कप्पे, आहेत.

आता घटनाक्रम असा दिसतो. नवे फोटो आले, इंडेक्सर त्यांची नोंद घ्यायला गेला, आणि त्यातल्या काही फाइल नेमक्या खराब जागी लिहिल्या गेल्या होत्या. असा सेक्टर लागला की घरगुती डिस्क लगेच हार मानत नाही. तोच तुकडा कित्येक सेकंद पुन्हा पुन्हा वाचत राहते, आणि तोपर्यंत मागची सगळी कामे रांगेत उभी राहतात. मग माउस हलवून काय होणार? विंडोजने हात आखडता घेतला तरी डिस्क आतल्या आत झगडतच असते. इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टिम नोंदींत ‘डिस्क’ या नावाने ७ किंवा १५३ क्रमांकाच्या नोंदी आढळल्या तर खात्री पटेल.

यापुढे तुकडे जुळवणे करू नये, आणि बॅकअपच्या आधी चेकडिस्क हा विंडोजचा डिस्कतपासणीचा आदेश ‘आर’ पर्यायासह चालवू नये, कारण ते संपूर्ण डिस्क कानाकोपऱ्यासह वाचायला लावते आणि आजारी डिस्क मोडून पडायला तेवढे श्रम पुरेसे होतात. बाहेरची डिस्क जोडून आधी कागदपत्रे, मग जुने फोटो आणि सर्वांत शेवटी ते लग्नाचे फोल्डर उतरवावे. फाइल उतरवण्यासाठी विंडोजचा रोबोकॉपी हा आदेश वापरणार असाल तर ‘आर’ (किती वेळा प्रयत्न) आणि ‘डब्ल्यू’ (मध्ये किती सेकंद थांबणे) दोन्हींना १ द्यावा. नाहीतर न वाचता येणाऱ्या एकेका फाइलसाठी तो दहा लाख वेळा, दर खेपेला तीस सेकंद थांबून, प्रयत्न करायला बसतो!

निशाचर:

माझा सल्ला इथे चुकीचा ठरला असता, हे मान्य करतो. इंडेक्सर बंद केला असता तर डिस्क गप्प झाली असती आणि यांना वाटले असते की दुखणे गेले. एक बाब मात्र नोंदवून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी उगाच घाबरणार नाही: दिवा जर घड्याळासारखा दर सेकंदाला एकदाच लुकलुकत असेल आणि खरखर मुळीच नसेल, तर पुष्कळदा डीव्हीडी ड्राइव्हमध्ये तबकडी टाकली आहे का, एवढेच विंडोज विचारत असते. मी त्या लुकलुकण्यापायी दोनदा नवे विंडोज टाकले होते.

अडगळ:

७ क्रमांकाच्या एकोणीस नोंदी सापडल्या. पहिली नोंद फोटो उतरवले त्याच रात्रीची निघाली. शनिवारी सांगितलेल्या क्रमाने सर्व काही बाहेरच्या डिस्कवर घेतले. लग्नाचे दोन व्हिडिओ आणि अकरा फोटो वाचले गेले नाहीत, पण ते बहिणीच्या मोबाइलमध्ये अजून आहेत. २५० जीबीची एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) मागवली आहे. तीवर विंडोज नव्याने टाकणार आहे, म्हणजे दुकानदाराचे म्हणणे एका अर्थी खरे झाले. जुनी डिस्क आज काढून ठेवली. पत्नीने मघाशी येऊन विचारले, की वीज गेली आहे का.