विषय: भुसावळहून जळगावला रोज एसटीने – माहिती हवी

ओल्ड ब्रिज, न्यू जर्सीहून

नमस्कार मंडळी,

फेब्रुवारीत आम्ही भुसावळला, माझ्या सासरी जातोय. सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन जळगावला ठरलंय. हॉस्पिटल आकाशवाणी चौकापासून पायी जाण्याइतकं जवळ आहे. रात्री त्यांच्याजवळ माझे यजमान थांबतील. सकाळी डबा घेऊन मी आणि सासरे जाणार, संध्याकाळी परत. सासरे ७८ वर्षांचे आहेत, पण एक दिवस घरी बसा म्हटलं तर ऐकायचे नाहीत.

नातेवाईक म्हणतात, महिनाभर गाडी लावून टाका. सासऱ्यांना ते अजिबात मान्य नाही. एसटी असताना गाडी कशाला, हा त्यांचा एकच मुद्दा. मी पुण्याची. खानदेशात लग्नकार्यापुरतीच गेलेली, तीही ट्रेनने. इथे मी १३९ नंबरच्या बसने न्यूयॉर्कला ऑफिसला जाते. नंबर ठरलेला, थांबे ठरलेले, पोर्ट ऑथॉरिटी आलं की सगळे उतरतात. एसटीला नंबरच नसतो, मग आपली गाडी ओळखायची कशी? तिकीट आधी काढायचं की आत? आणि ती आकाशवाणी चौकात थांबते का, की स्टँडपर्यंत जावंच लागतं? सासऱ्यांना विचारलं तर "बसायचं आणि जायचं" एवढंच उत्तर मिळतं.

सध्या भुसावळहून (मूळ फैजपूर)

ताई, नमस्कार.

सासूबाईंना लवकर बरं वाटो. वडिलांच्या आजारपणामुळे मी दिवाळीपासून इथेच आहे आणि जळगावला सारखं जाणं-येणं चालू आहे, म्हणून सविस्तर लिहिते. तुमच्या सासऱ्यांचं बरोबर आहे. एसटीनेच जा. अंतर जेमतेम २५ किलोमीटर, आणि रस्ता चौपदरी झाल्यापासून प्रवासाचा त्रास पूर्वीइतका राहिलेला नाही.

भुसावळचं स्टँड रेल्वे स्टेशनच्या बाहेरच आहे. नंबर नाही, तेव्हा पाटी वाचायची. पण पाटीवर 'भुसावळ–जळगाव' हेच शोधत बसू नका, नाहीतर समोरून चार गाड्या निघून जातील. रावेर, मुक्ताईनगर, यावल या आगारांच्या जळगावला जाणाऱ्या गाड्याही भुसावळवरून जातात, आणि त्या सगळ्या तुमच्याच. एक मात्र लक्षात ठेवा. पाटीवर दोन्ही टोकांची गावं असतात. 'रावेर–जळगाव' पाटीची गाडी जळगावकडे निघालेली असेल किंवा तिकडून रावेरला परत चाललेली असेल. म्हणून पाय ठेवण्याआधी दारातल्या कंडक्टरला "जळगाव का?" एवढं विचाराच. इथे जन्म गेलेली माणसंही विचारतात.

पाटीवर 'विनावाहक' किंवा 'विनाथांबा' लिहिलेलं असेल तर तिचं तिकीट निघण्याआधी स्टँडवरच काढावं लागतं आणि ती मध्ये कुठे थांबत नाही. तुम्हाला स्टँडच्या आधी उतरायचंय, तेव्हा साधी लाल गाडीच बघा.

आता जागेबद्दल. सकाळी आठ ते दहा कॉलेजची मुलं आणि अपडाऊन करणारे नोकरदार यांची गर्दी असते. गाडी फलाटाला लागायच्या आत खिडक्यांतून रुमाल, पिशव्या, दप्तरं सीटवर पडलेली असतात, आणि त्या रुमालाचा मान सगळे ठेवतात. सासरे बरोबर असताना तुम्ही त्या धावपळीत पडू नका. साडेदहानंतर निघा. हॉस्पिटलची सकाळची राउंड तोवर उरकलेली असते आणि बस निम्मी रिकामी मिळते. महिलांसाठी आणि ज्येष्ठांसाठी राखीव सीटवर खिडकीच्या वर तसं लिहिलेलं असतं. त्यावर कोणी तरुण बसला असेल तर सांगायला संकोचू नका, उठतात.

जाताना ड्रायव्हरच्या बाजूला बसा, येताना दाराच्या बाजूला. गाडी पश्चिमेला जाते, तेव्हा डावीकडून दक्षिणेचं ऊन येतं. फेब्रुवारीत त्याचं काही वाटणार नाही, पण होळी झाली की आपल्याकडचा पत्रा किती तापतो ते तुम्हाला कळेल. म्हाताऱ्या माणसाला तासभर त्या खिडकीत बसवू नये. पाण्याची बाटली आणि डोक्याला बांधायला पंचा सासऱ्यांच्या पिशवीत असू द्या.

तिकीट आत मिळतं, कंडक्टर मशीनमधून काढून देतो. भाडं ६ किलोमीटरच्या टप्प्यावर ठरतं. १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, ते तुम्हाला लागू. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं, आणि ७५ च्या वर २६ ऑगस्ट २०२२ पासून पूर्ण मोफत, म्हणजे सासऱ्यांना पैसे लागणार नाहीत. पण तिकीट त्यांनाही घ्यावंच लागतं, शून्य रुपयांचं. त्यासाठी आधार कार्ड बरोबर हवं. घरात कपाटात ठेवलेलं कार्ड कामाचं नाही, हे त्यांना आधीच सांगून ठेवा. उतरेपर्यंत दोन्ही तिकिटं जपा, वाटेत तपासनीस चढतात. (कोणाला पुढे रावेरहून बऱ्हाणपूरला जायचं असेल तर ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच चालते.) सुटे पैसे ठेवा. मोबाइलने पैसे घेण्याची सोय आता मशीनवर आहे, पण गर्दीत रेंज गेली की कंडक्टरची तिकिटं खोळंबतात.

उतरण्याचं सांगते, हाच तुमचा खरा प्रश्न. साकेगाव, वाघूरचा पूल, नशिराबाद, मग खेडी आलं की जळगाव सुरू झालं समजा. त्यापुढे कालिकामाता, अजिंठा चौफुली, इच्छादेवी, आकाशवाणी, या क्रमाने चौक येतात. तिकीट घेतानाच विचारा, "आकाशवाणीवरून जाणार का?" हो म्हणाला तर तिथलंच तिकीट मागा. गाडी आधीच आत वळणार असेल तर अजिंठा चौफुलीला उतरून रिक्षा करा. इच्छादेवी मागे पडलं की सासऱ्यांना घेऊन उठा, दाराकडे या आणि कंडक्टरला पुन्हा आठवण द्या. तो एकदा घंटी वाजवेल, ती थांबण्याची. दोनदा वाजली की गाडी निघते, म्हणून दोघांचे पाय जमिनीवर टेकल्याशिवाय दाराचा दांडा सोडू नका. सासरे आधी, तुम्ही मागून, असं नको. तुम्ही आधी उतरा, डबा खाली ठेवा आणि मग त्यांना हात द्या. शेवटची पायरी बरीच उंच असते. उतरल्यावर हायवे ओलांडायचा असेल तर चार माणसांबरोबरच ओलांडा. जड वाहनं तिथून जोरात येतात.

फ्रीमाँट, कॅलिफोर्नियाहून (मूळ अमळनेर)

वहिनी, नमस्कार. वरच्या ताईंनी फार उत्तम लिहिलंय, पण भुसावळकर असून रेल्वेचं नाव नाही? आमच्या काळात भुसावळ-जळगाव अपडाऊन म्हणजे रेल्वेच. महिन्याचा पास काढला की बात संपली. अर्ध्या तासात जळगाव. आमच्या अहिराणीत सांगायचं तर, बसनी वाट कोन दखी!

सध्या भुसावळहून

दादा, नोकरी करणाऱ्या धडधाकट माणसाला रेल्वेचा पास खरंच परवडतो, त्यात वाद नाही. माझे काका आयुष्यभर तसेच गेले. पण पास आरक्षित डब्यात चालत नाही, आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांचे जनरल डबे भुसावळला येतानाच भरलेले असतात. त्यात ७८ वर्षांच्या माणसाला चढवायचं, दोन्ही स्टेशनांचे दादरे चढा-उतरायचे, आणि जळगाव स्टेशनवरून आकाशवाणीला वेगळी रिक्षा. बस हॉस्पिटलच्या जवळ सोडते. ताईंसाठी बसच योग्य, असं माझं ठाम मत आहे.

जळगावला राहून रोज भुसावळला कामावर येणारा कोणी असेल, त्याने एसटीचा मासिक पासही विचारात घ्यावा. २० दिवसांचं भाडं भरून ३० दिवस प्रवास करता येतो.

भुसावळहून (ओल्ड ब्रिजवाली)

मंडळी, ऑपरेशन व्यवस्थित झालं. काल वॉकर धरून सासूबाई खोलीच्या दारापर्यंत आल्या.

बसचं सांगायलाच हवं. पहिल्या दिवशी मुक्ताईनगरची गाडी मिळाली. "जळगाव का?" विचारलं आणि चढलो. सासऱ्यांनी आधार कार्ड शर्टाच्या खिशातून असं काढलं की जणू रोजचंच आहे. कंडक्टरने कार्डावरचं साल बघितलं, "बसा बाबा" म्हणाला आणि शून्याचं तिकीट हातात दिलं. ते त्यांनी घडी घालून चष्म्याच्या डबीत ठेवलं, परतीचंही तिथेच. आता डबीत चष्म्याला जागा उरलेली नाही.

शेजारी नशिराबादच्या एक मावशी बसल्या होत्या. डबा कोणासाठी, ऑपरेशन कधी झालं, टाके निघाले का, सगळं विचारून घेतलं. मी खिडकीतून चौक मोजत होते. नशिराबादला उतरताना त्यांनी मागच्या मुलीला बजावलं, "या बाईंना आकाशवाणीला उतरायचंय, लक्ष ठेव गं." त्या मुलीने इच्छादेवीला मला उठवलं आणि सासऱ्यांना हात देऊन उतरवलंसुद्धा. तिला स्वतःला पुढे जायचं होतं, तरी ती खाली उतरून पुन्हा चढली.

दोन अडचणी आहेत. संध्याकाळी आकाशवाणी चौकात उभं राहिलं की गाड्या भरून येतात आणि हात दाखवून थांबत नाहीत. काल फार वेळ उभे होतो, सासरे दमले. आणि दुसरं, डिस्चार्जच्या दिवशी सासूबाईंना बसने आणायचं असं सासरे म्हणतायत. पुढची सीट मिळाली तर जमेल का?

सध्या भुसावळहून

ताई, वाचून फार बरं वाटलं.

संध्याकाळी चौकात थांबूच नका. रिक्षाने सरळ नव्या स्टँडवर जा. गाडी तिथूनच सुटते, त्यामुळे फलाटाला लागली की बसायला मिळतं. रिक्षाचे पैसे जातात ते जाऊ द्या. साडेचारच्या आत निघालात तर कॉलेज आणि ऑफिसं सुटायच्या आधी घरी पोचाल.

डिस्चार्जला मात्र बस नको. बसच्या पायऱ्या उंच, आणि खुब्याच्या ऑपरेशननंतर किती वाकायचं, पाय किती उचलायचा, यावर डॉक्टरांची बंधनं असतात. त्या दिवशी गाडीच करा. तीही सीट उंच असलेली बघा, कारण बुटक्या गाडीत बसताना गुडघा खुब्याच्या वर जातो. सीटवर उशी लागेल का, ते डिस्चार्जच्या आदल्या दिवशी फिजिओथेरपिस्टना विचारून घ्या. सासऱ्यांना मी फोन करून समजावते. फैजपूरकडच्या माणसाचं ते ऐकतील. नंबर मला वेगळा पाठवा, इथे लिस्टवर टाकू नका.