घरून काम करणाऱ्याच्या एकटेपणाची जबाबदारी नेमकी कोणाची?

वाटसरू

घरून काम करण्यावरची चर्चा बहुतेक वेळा ‘काम जास्त होते की कमी’ या प्रश्नावर येऊन थांबते. एकटेपणाचा विषय निघालाच, तर एखादा छंद जोपासा, रोज फिरायला जा, जुन्या मित्रांना फोन करा, अशा सल्ल्यांवर त्याची बोळवण होते. हे सल्ले चुकीचे नाहीत. परंतु ज्याला एकटे वाटते त्याच्याच स्वभावात काहीतरी उणे आहे, असे त्यांतून नकळत सुचवले जाते. माझ्या मते हा एकटेपणा मुख्यतः काम कसे आखले जाते यातून निर्माण होतो, आणि म्हणून त्याची पहिली जबाबदारी काम आखणाऱ्यावर येते.

निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीट्रिप या चिनी प्रवास-आरक्षण कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये केलेला आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग या वादात नेहमी पुढे केला जातो. घरून काम करण्यास स्वतःहून तयार झालेल्या कर्मचाऱ्यांची, जन्मतारीख सम की विषम यावरून, दोन गटांत विभागणी करण्यात आली आणि एका गटाने नऊ महिने आठवड्यातील चार दिवस घरून काम केले. या गटाची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली आणि नोकरी सोडून जाण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. येथपर्यंतची हकिकत सगळेच सांगतात. प्रयोग संपल्यावर निवडीची मोकळीक मिळताच घरून काम करणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्यांनी कार्यालयात परतणे पसंत केले आणि त्याचे प्रमुख कारण एकटेपणा हे होते, हा भाग मात्र सहसा गाळला जातो. ही सगळी माणसे घरून काम हौसेने मागणारी होती, आणि आठवड्यातला एक दिवस ती कार्यालयात जातही होती, हे लक्षात घेतले म्हणजे या निष्कर्षाचे वजन कळते.

कार्यालयात आपल्याला जिवलग मित्र मिळतातच असे नाही. मिळते ती तोंडओळखीची माणसे: शेजारच्या विभागातला कोणी, जिन्यात भेटणारा कोणी, ज्याचे आडनावही आपल्याला ठाऊक नसते असा कोणी. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये अशा विरळ ओळखींचे महत्त्व नोकरीविषयीच्या माहितीच्या संदर्भात दाखवले होते. पुढे २०१४ मध्ये जिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन यांना असे आढळले की ज्या दिवशी अशा ओळखीच्या लोकांशी नेहमीपेक्षा अधिक बोलणे होते, त्या दिवशी माणसे अधिक समाधानी असतात. घरून काम करताना जवळचे मित्र टिकतात, कारण त्यांच्यासाठी आपण मुद्दाम वेळ काढतो. नाहीशी होते ती ही विनासायास भेटणारी माणसे, आणि त्यांच्यासाठी कोणी कॅलेंडरमध्ये वेळ राखून ठेवत नाही.

म्हणून कंपन्यांनी नव्या माणसाची पहिली ओळख प्रत्यक्ष भेटीत करून द्यावी, टीमला ठरावीक काळाने एकत्र आणावे आणि त्याचा खर्च स्वतः सोसावा, एवढी अपेक्षा मला रास्त वाटते.

आडवाट

मूळ मांडणीशी मी असहमत आहे. माणसे एका छपराखाली आली की एकमेकांशी बोलतात, हे गृहीतकच तपासून पाहण्यासारखे आहे. ईथन बर्नस्टाइन आणि स्टीफन टर्बन यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन मोठ्या कंपन्यांनी भिंती काढून मोकळी कार्यालये केल्यावर काय घडले हे मोजले, तेव्हा समोरासमोरचे बोलणे सुमारे ७० टक्क्यांनी घटलेले आणि ईमेल व चॅटचा वापर वाढलेला आढळला. सतत सर्वांच्या नजरेत असलेला माणूस कानात हेडफोन घालून स्वतःपुरती भिंत उभी करतो. गर्दीत बसून एकटे असण्याचा हा अनुभव कार्यालयात आयुष्य काढलेल्या अनेकांच्या परिचयाचा आहे. फक्त त्या एकटेपणाचा दोष कोणी कार्यालयाला देत नाही.

याहून गंभीर आक्षेप असा की सोबतीसाठी मालकावर अवलंबून राहणे धोक्याचे आहे. नोकरी गेली की त्या ओळखी, ते गट आणि दुपारच्या त्या गप्पा एका दिवसात संपतात. ज्याने आपला सगळा गोतावळा कामाच्या ठिकाणीच जमवला, त्याची अवस्था निवृत्तीनंतर काय होते हे वेगळे सांगायला नको. घरून काम केल्याने येण्याजाण्यातला जो वेळ वाचतो, तो पगाराशी ज्यांचा संबंध नाही अशा माणसांत घालवता येतो. तो तसा न घालवता पुन्हा पडद्यासमोरच घालवला, तर त्यात कंपनीचा दोष कोणता?

नवी भरती

आडवाट यांचा युक्तिवाद ज्यांच्या ओळखी आधीच झालेल्या आहेत त्यांच्यासाठी ठीक आहे. माझ्या कामाची सुरुवातच घरून झाली, आणि ज्यांच्याबरोबर मी रोज काम करते त्यांच्यापैकी बहुतेकांना मी केवळ एका चौकटीत पाहिलेले आहे. नव्या माणसाची अडचण गप्पांपेक्षा प्रश्न विचारण्याची असते. शेजारी बसलेल्याला एखादी क्षुल्लक शंका सहज विचारता येते आणि ती हवेत विरून जाते. चॅटवर विचारलेली शंका मात्र लिहिलेली राहते, समोरचा कामात आहे की मोकळा हे दिसत नाही, आणि उत्तर यायला वेळ लागला तर आपण मूर्खासारखे काही विचारले का, या विचारात दुपार जाते. असे काही वेळा झाले की माणूस विचारणेच थांबवतो. बाहेरून पाहणाऱ्याला तो स्वावलंबी वाटतो, पण प्रत्यक्षात तो तुटत चाललेला असतो.

मायक्रोसॉफ्टच्या अमेरिकेतील ६१,१८२ कर्मचाऱ्यांच्या २०२० च्या पहिल्या सहा महिन्यांतील संपर्काचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वांना घरून काम करावे लागल्यावर निरनिराळ्या गटांना जोडणारे संपर्क घटले आणि जो तो आपापल्या गटात अधिक बंदिस्त झाला, असे त्यात दिसले. ज्याचा स्वतःचा गटच अजून तयार झालेला नाही, त्याने अशा वेळी काय करावे? संध्याकाळी मी कितीही माणसांत मिसळले, तरी दिवसाचे आठ तास ज्या शांततेत काढायचे असतात ती त्याने भरून निघत नाही.

उंबरठा

या संपूर्ण वादात एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते, ती अशी की प्रत्येकाला कार्यालयात जाणे शक्य आहे आणि प्रश्न केवळ आवडीचा आहे. ज्यांच्या शरीराला रोजचा प्रवास झेपत नाही, किंवा ज्यांना घरातल्या आजारी माणसापासून फार वेळ दूर राहता येत नाही, त्यांच्यासाठी घरून काम म्हणजेच जगाशी असलेला संपर्क असतो. मी या दुसऱ्या वर्गातली आहे. मला माझी टीम चॅटवर भेटली नसती, तर कोणीच भेटले नसते.

रॉबर्ट वाइस यांनी १९७३ मध्येच एकटेपणाचे दोन प्रकार वेगळे केले होते: जिव्हाळ्याचे एखादे नाते नसल्याने येणारा एक, आणि आपण कोणत्याही गटाचा भाग नाही या जाणिवेतून येणारा दुसरा. एकाची कमतरता दुसऱ्याने भरून येत नाही, हे त्यांच्या मांडणीतले महत्त्वाचे सूत्र आहे. येथे आडवाट आणि वाटसरू दोघेही एकाच प्रकाराबद्दल बोलत आहेत असे समजून भांडत आहेत. भरल्या घरात काम करणाऱ्यालाही दुसऱ्या प्रकारचा एकटेपणा येतो, आणि घरच्यांना तो समजत नाही, कारण त्यांच्या दृष्टीने माणूस दिवसभर त्यांच्यातच असतो.

टीमप्रमुख

मी एका विखुरलेल्या टीमचे काम पाहतो, त्यामुळे थोडे व्यवहारातले सांगतो. आठवड्याच्या शेवटी व्हिडिओ कॉलवर भरवलेले ‘मनोरंजनाचे’ कार्यक्रम बहुतेक वेळा उलटे परिणाम करतात. दिवसभराच्या मीटिंगनंतर आणखी एक मीटिंग, आणि तीही हसतमुखाने, ही शिक्षाच असते. जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ कॉलच्या थकव्याची जी कारणे मांडली, त्यांत सतत जवळून रोखलेल्या नजरा, स्वतःचाच चेहरा समोर दिसत राहणे आणि एका जागी जखडून बसणे यांचा समावेश आहे. कॅमेरा बंद ठेवून, शक्य असल्यास चालता चालता, दोघांनीच केलेला फोन यापेक्षा कितीतरी चांगला. आमच्याकडे सर्वांत टिकलेली प्रथा अगदी साधी आहे: ठरावीक वेळी एक कॉल उघडा असतो, ज्याला यायचे तो येतो, आपापले काम करतो, अधूनमधून कोणी काही विचारतो. हजेरी घेतली जात नाही.

वाटसरू यांच्या मागणीत मला एक धोका दिसतो. एकटेपणाची जबाबदारी कंपनीवर टाकली की कंपनी तो मोजू पाहणार. ‘तुम्हाला एकटे वाटते का’ या प्रश्नाचे उत्तर, ज्याच्या हाती बढती आहे त्याला, कोण खरे देईल? सीट्रिपच्या प्रयोगातही समान कामगिरी असताना घरून काम करणाऱ्यांना बढती मिळण्याची शक्यता कमी राहिली होती, हे विसरता येत नाही.

हायब्रिड पद्धतीचा पर्याय मात्र मला पटतो. त्याच कंपनीतील १,६१२ कर्मचाऱ्यांवर झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या प्रयोगात आठवड्यातून दोन दिवस घरून काम दिल्यावर नोकरी सोडण्याचे प्रमाण एक तृतीयांशाने घटले, आणि कामगिरीत व बढतीत फरक आढळला नाही. अट एकच: टीमचे कार्यालयाचे दिवस एकच असावेत, अन्यथा माणूस प्रवास करून जातो आणि रिकाम्या दालनात बसून घरी असलेल्यांशी कॉलवर बोलतो.

आडवाट

टीमप्रमुखांनी माझेच म्हणणे अधिक नेमकेपणाने मांडले. त्यात एवढीच भर घालतो की एकटेपणावरील उपायांचा एकत्रित आढावा क्रिस्टोफर मासी आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये घेतला, तेव्हा काटेकोर चाचण्यांत सर्वाधिक परिणामकारक ठरले ते इतरांविषयीच्या नकारात्मक समजुती बदलण्यावर भर देणारे उपाय. नुसत्या भेटीगाठी वाढवण्याचा परिणाम त्या मानाने कमी होता. ‘उत्तर आले नाही, म्हणजे मी नकोसा आहे’ ही समजूत कंपनीच्या सहलीने जात नाही. नवी भरती यांच्या दुपारच्या अस्वस्थतेचा उगमही मला येथेच दिसतो.

नवी भरती

उत्तर वेळेवर न येणे ही माझी समजूत नसून रोजची वस्तुस्थिती आहे, एवढे नम्रपणे नोंदवते. प्रश्नांना उत्तर किती वेळात द्यायचे याचा नियम टीमने ठरवला आणि नव्या माणसामागे एक अनुभवी माणूस नेमला, तर माझ्या मनातल्या शंकाकुशंकांवर वेगळे उपचार करावे लागणार नाहीत.

वाटसरू

मोजमापाचा धोका मला मान्य आहे, आणि म्हणून मी कर्मचाऱ्याच्या मनाची चौकशी मागत नाही. मागतो ती सोय. येथे थोडा इतिहास उपयोगी पडेल. दूरस्थ कामाच्या कल्पनेला १९७३ मध्ये नाव देणारे जॅक निल्स यांनी एका विमा कंपनीबरोबर जो प्रयोग केला, त्यात कर्मचाऱ्यांना घरी बसवले नव्हते, तर त्यांच्या घरांजवळच्या छोट्या केंद्रांत काम दिले होते. प्रवास वाचवायचा, पण माणसांतून उठवायचे नाही, असा तो विचार होता. पुढे संगणक आणि इंटरनेट घरात आले, केंद्रांचा खर्च अनावश्यक ठरला, आणि कामाची जागा पुरवण्याचा भार गुपचूप कर्मचाऱ्यावर आला. कार्यालयाच्या भाड्यात जी बचत झाली, तिच्यातला काही भाग घराजवळच्या सामायिक कार्यस्थळाच्या शुल्कासाठी देणे कंपन्यांना अशक्य नाही. तेथे भेटणारी माणसे निरनिराळ्या कंपन्यांतली असतात, म्हणजे नोकरीबरोबर ओळखी जाण्याचा आडवाट यांचा आक्षेपही बराचसा गळून पडतो.

आडवाट

या एका सूचनेला माझा पाठिंबा आहे, मात्र ते शुल्क पगाराचा भाग म्हणून मिळावे आणि तेथे कोण किती वेळ बसले याचा हिशेब कंपनीने मागू नये. तो मागितला गेला तर ते कार्यालयच झाले.

उंबरठा

पगाराचा भाग म्हणून देणार असाल, तर घराबाहेर पडू न शकणाऱ्यांनाही ती रक्कम मिळाली पाहिजे. तिच्यातून मला आठवड्यातले काही तास आजारी माणसाजवळ बसणारी मदतनीस ठेवता येईल. आणि टीमप्रमुखांच्या त्या उघड्या कॉलसारखी प्रथा आमच्या टीममध्ये मी सुचवणार आहे, कारण तिला खर्च काहीच नाही.